नमुना क्रमांक नऊ

मासेरूहून निघालो तेव्हा पिशवीत होतं
महासंघाचं पत्र, शंभर मीटरची टेप,
मैदान-तपासणीचा नमुना क्रमांक नऊ, तीन प्रतींत,
आणि गुडघ्याचं मलम.
पंच होतो तेव्हा याच गुडघ्यावर बावीस वर्षं पळालो;
आता तो फक्त हवामान सांगतो.

रस्ता संपला तिथे एक घोडं उभं होतं,
घोड्याजवळ नऊ-दहा वर्षांची पोर, पायात गमबूट.
"महासंघ तुम्हीच का?"
मी मागे वळून पाहिलं.
मागे फक्त डोंगर होता.
म्हणालो, हो, मीच.

हा-मोखेले. चाळीस उंबरे, एक शाळा, एक क्लब.
तीन वर्षं अर्ज करतायत: आम्हाला जिल्हा लीगमध्ये घ्या.
पहिल्या वर्षी शुल्क कमी पडलं,
दुसऱ्या वर्षी शिक्का पुसट,
तिसऱ्या वर्षीचा अर्ज आमच्याच कपाटामागे पडला,
रंगारी आला तेव्हा सापडला.

मैदान बघताच कळलं.
उत्तरेचा गोल माझ्या डोक्याच्या वर,
दक्षिणेचा पायाखाली,
आणि त्याच्यापलीकडे दरी.
खजिनदार लेरोथोली वहीत बघून म्हणाला,
आजवर सत्तावीस चेंडू गेले, एकोणीस परत आले,
एक तर मेंढपाळानं महिन्याभरानं आणून दिला. धुऊन.

टेपचं टोक धरून शाळामास्तर पळाला.
लांबी: बसते.
रुंदी: ओढूनताणून बसते.
मग मी चेंडू मध्यबिंदूवर ठेवला
आणि हात काढून घेतला.
चेंडू जरा थांबला, पाहुण्यासमोर लाजल्यासारखा,
आणि निघाला दक्षिणेकडे,
कुणी लाथ मारलेली नसताना,
पायाखालच्या वाटेनं घरी जावं तसा.

कुणी हसलं नाही.
ब्लँकेटं पांघरलेली माणसं
माझ्या पेनाकडे बघत राहिली.
कलम चौदा म्हणतं, पृष्ठभाग समतल असावा.
किती समतल, ते कलम सांगत नाही.
लिहिणाऱ्यानं डोंगर पाहिला असेल,
कॅलेंडरवर.

"पण न्टाटे," गमबुटातली पोर म्हणाली,
"मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना?
मग उतार सगळ्यांना अर्धा अर्धा."

मी नमुना क्रमांक नऊ उलटून पाहिला.
पाठीमागेही या वाक्याला रकाना नव्हता.

परतताना घोड्यावर आठवत राहिली आमची कचेरी:
दुसरा मजला, काचेचं टेबल,
पाणी आणायला एक माणूस, बिस्किटं मोजायला दुसरा.
निवडणुकीच्या महिन्यात उगवलेले दहा क्लब,
ज्यांना खेळताना कुणी पाहिलं नाही,
त्यांचे अर्ज जेवणाच्या सुट्टीआधी मंजूर.
फरशी तिथली पाणसळ लावून घातलेली.
तरी टेबलावर कागद ठेवला की घरंगळतो
नेहमी एकाच खुर्चीकडे.
आणि मध्यंतराची वेळ होऊन गेली, किती वर्षं झाली,
कुणी शिट्टी वाजवली नाही.
शिट्टी माझ्याही खिशात होती.
सांगून टाकतो.

अहवालात आधी लिहिलं: समतल.
मग खोडलं.
खोटं लिहायला हात कचरतो असं नाही,
पण त्या पोरीनं मला महासंघ म्हटलं होतं.
लिहिलं: उतार आहे. दोन्ही संघांना सारखा.
शिफारस: मान्यता द्यावी.

फाईल वर गेली.
वर म्हणजे कुठे, ते विचारायचं नसतं.
लेरोथोलीचा दर सोमवारी फोन येतो.
तो मैदानाचं काही विचारत नाही,
माझ्या गुडघ्याचं विचारतो,
आणि मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसतो.

परवा दुसऱ्या कुठल्या मैदानासाठी टेप ओढली,
तर अठ्ठावन्न मीटरवर अडली.
मेंढीची लेंडी, वाळून घट्ट.
नखानं खरवडायला वाकलो,
मग म्हटलं, राहू दे.
निकाल यायचाय.